फोर बाय फोर थार : आपल्या भागातला चिखल, घाट आणि पूर यात ती किती चालते?

उचगाव : बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर उचगाव फाट्याला तासभर उभं राहिलं तर थार गाड्या मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. केए २२ पासिंगच्या असतात, शिनोळी-चंदगडकडून येणाऱ्या एमएच ०९ च्या असतात, शनिवार-रविवारी गोव्याच्याही. लग्नाच्या वरातीत थार, निवडणुकीच्या प्रचारात थार. पण ही गाडी मुळात कशासाठी बनवली आहे, चिखलात-पाण्यात तिची खरी ताकद किती, आणि कुठं ती इतर गाड्यांसारखीच हतबल होते, हे घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नीट ठाऊक नसतं. शोरूममध्ये सनरूफ आणि स्क्रीन जास्त समजावून सांगतात, गिअरच्या बाजूचा दुसरा दांडा कमी. म्हणून ही माहिती.

महिंद्राचं आणि जीपचं नातं १९४७ पासूनचं. अमेरिकेच्या विलीस कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्या जोडायला सुरुवात झाली. पुढे त्याच वंशातली एमएम ५४०, कमांडर, मेजर अशी मॉडेलं आली. आपल्याकडच्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना कमांडर म्हटलं की वडापच आठवणार. आत दहा, मागं लटकून चार. थार हे नाव २०१० साली आलं. सध्या दिसते ती दुसऱ्या पिढीची थार १५ ऑगस्ट २०२० रोजी दाखवली गेली आणि २ ऑक्टोबरला विक्रीला आली. ती नाशिकच्या कारखान्यात बनते. पाच दरवाजांची थार रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये आली.

सगळ्याच थार फोर बाय फोर नसतात

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं फक्त मागच्या चाकांना ताकद जाणारी, म्हणजे टू व्हील ड्राइव्ह थार आणली. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच. या गाडीत १.५ लिटरचं डिझेल इंजिन देण्यामागं कराचा हिशेब आहे. चार मीटरच्या आतली लांबी आणि १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असेल तर गाडी कमी कराच्या गटात बसते. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे, म्हणजे चार मीटरला जेमतेम दीड सेंटिमीटर कमी. हा काय योगायोग नव्हे.

जुनी थार घेताना मागच्या बाजूचा फोर बाय फोरचा बिल्ला बघून विश्वास ठेवू नका. बिल्ला बाजारात मिळतो. आत बसा आणि मुख्य गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा आहे का बघा. दांडा नसेल तर ती टू व्हील ड्राइव्ह. डांबरी रस्त्यावर ती चांगलीच गाडी आहे, पण रताळ्याच्या शिवारात रुतली तर ट्रॅक्टरच बोलवावा लागेल. रॉक्समध्येही फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळते, पेट्रोलमध्ये नाही.

दुसरा दांडा काय करतो

त्यावर टू एच, फोर एच, एन आणि फोर एल अशा खुणा असतात. टू एच म्हणजे रोजचं चालवणं, ताकद मागच्या दोन चाकांना. फोर एचमध्ये ती चारी चाकांना जाते. ओली माती, वाळू, सुटे खडे, निसरडा चढ यासाठी हे. फोर एल म्हणजे चारी चाकं आणि शिवाय सुमारे अडीच पट (नेमकं २.४८) जास्त जोर, पण वेग तेवढाच कमी. हे टाकताना गाडी थांबवून मुख्य गिअर न्यूट्रलला घ्यायचा. बैल जसा गाळातून दमानं, एकेक पाऊल रोवत गाडी ओढतो, तसं फोर एलचं काम. रेस करायचं नाही.

एक गोष्ट अनेक जण चुकवतात. कोरड्या डांबरावर फोर एच लावून चालवायचं नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. थारमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये तो फरक सोसणारा डिफरन्शियल नाही. मातीत चाक थोडं घसरून हिशेब जुळवतं, डांबरावर घसरत नाही, मग सगळा ताण गिअरवर येतो. स्टिअरिंग जड लागतं, गाडी अडखळते.

तरीही गाडी रुतते कशी?

चारी चाकांना ताकद असून एक चाक गरागरा फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही, हे दृश्य पावसाळ्यात बघायला मिळतं. कारण प्रत्येक ॲक्सलवर डिफरन्शियल असतो आणि त्याचा स्वभाव असा, की जे चाक सहज फिरेल त्याच्याकडंच फिरणं जातं. एक चाक राडीत आणि एक घट्ट जमिनीवर असेल, तर राडीतलंच फिरत बसतं. यावर थारच्या काही मॉडेलमध्ये मागच्या ॲक्सलला यांत्रिक लॉक आहे. दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की तो आपोआप दोन्ही चाकं एकत्र बांधतो. ज्यात हा लॉक नाही, त्यात फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो, म्हणजे ताकद दुसरीकडं वळते. ही सोय कामाची, पण खोल चिखलात लॉकची सर तिला नाही.

याबाबतीत फोर्स मोटर्सची गुरखा पुढं आहे. तिच्यात पुढचा आणि मागचा असे दोन्ही डिफरन्शियल चालक स्वतः लॉक करू शकतो. ही कंपनी पुण्याची, आकुर्डीची. पूर्वीची बजाज टेम्पो, म्हणजे वडापाच्या ट्रॅक्सवाली. गुरखा दिसायला साधी, आतून थारइतकी नटवी नाही, पण अवघड जागी भरवशाची. मारुतीची जिम्नी तिसरी. तिचं इंजिन दीड लिटरचं, ताकद कमी, पण वजन थारपेक्षा पाचेकशे किलोनं हलकं. हलकी गाडी चिखलात कमी रुतते, हे बैलगाडी हाकलेल्याला सांगायला नको.

अंशांचे आकडे

थारची जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर. पुढून चढताना बंपर न घासता ती सुमारे ४१ अंशांच्या उताराला भिडू शकते, मागून उतरताना सुमारे ३६ अंश आणि पोट न टेकता २७ अंशांचा उंचवटा ओलांडू शकते. रॉक्समध्ये हा शेवटचा आकडा २४ च्या घरात येतो, कारण तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४५० वरून २८५० मिलिमीटर झालंय. गाडी लांब झाली की पोट टेकतं. घरात पाच-सहा माणसं असतील तर रॉक्स सोयीची. बांध, ओढ्याचा काठ, गाडीवाटेतला उंचवटा हे रोजचं असेल तर तीन दरवाजांची बरी. इंजिन मोठ्या थारमध्ये दोन लिटर पेट्रोल (सुमारे १५० हॉर्सपॉवर) किंवा २.२ लिटर डिझेल (सुमारे १३०). शेतवाटेला डिझेलच सोपं पडतं, कमी फेऱ्यांतही ओढतं.

६५० मिलिमीटर पाणी म्हणजे किती?

हा भाग नीट वाचा. कंपनी सांगते, थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. गुरखाचा आकडा ७००. थारचा १८ इंची टायर उभा सुमारे ७९ सेंटिमीटर भरतो. म्हणजे ६५० मिलिमीटर पाण्यात टायरचा वरचा जेमतेम १४ सेंटिमीटर भाग उघडा राहील. ऐकायला भारी वाटतं. पण हा आकडा संथ पाण्याचा, घट्ट तळाचा आणि हळू चालण्याचा आहे. वाहत्या पाण्याचा नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं पाणी राष्ट्रीय महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. अशा पाण्यात फोर बाय फोरचा उपयोग नाही. कारण चाकांना ताकद कितीही असो, ती रस्त्यावर लागायला गाडीचं वजन रस्त्यावर टेकलेलं हवं. ढोबळ हिशेब करा : गाडीचा तळ तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद धरला, तर तळाच्या वर चढणारं प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी गाडीला साडेचारशे किलोनं वर उचलतं. थारचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास. पाणी आत शिरेपर्यंत गाडी निम्मी हलकी होऊन जाते आणि बाजूनं येणारा प्रवाह तिला ढकलत काठाकडं नेतो. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक मोठ्या गाड्यांनाही वाहून नेऊ शकतं. छोट्या गाडीला एक फूट पुरे. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता आहे की पुलाचा कठडा, मोरी खचलीय की शाबूत, हे वरून दिसत नाही. मार्कंडेयकाठचे लोक हे जाणतात. ‘आपली थार आहे, जाऊ या की’ म्हणणारा बहुधा बाहेरचा किंवा विशीतला असतो.

साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर आधी कुणीतरी काठी घेऊन खोली बघावी. फोर एल, पहिला किंवा दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, मध्येच गिअर बदलायचा नाही. गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवा.

घाटात

आपल्या भागाला घाट चुकत नाहीत. चंदगड तालुक्यातून तिलारी घाटानं दोडामार्गला किंवा आंबोलीनं सावंतवाडीला, नाहीतर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला. इथं लक्षात ठेवायचं ते एवढंच, की फोर बाय फोर गाडीला चढायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्या गाड्यांना चार चाकांनाच असतात. थार उंच आहे, वळणावर डोलते, हॅचबॅकच्या वेगानं तिला वळवता येत नाही. उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, तिलारीसारख्या खड्या उतारावर तर नक्कीच. सुरक्षेच्या चाचणीत थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले, रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच. पण तारे सीटबेल्ट लावलेल्यांचे.

आणि जंगल म्हणजे मोकळं रान नव्हे. खानापूरकडं भीमगड, गोव्याच्या बाजूला म्हादई ही अभयारण्यं आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत गाडी घातली तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदतो.

दोन राज्यांचं पासिंग

सीमेवरच्या माणसाला हा प्रश्न येतोच. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के रोड टॅक्स आणि त्यावर सेस असा हिशेब राहिला आहे, महाराष्ट्रात त्याच गटात पेट्रोलला १२ आणि डिझेलला १४ टक्के. म्हणून पलीकडच्या पाहुण्याच्या पत्त्यावर गाडी घ्यायचा मोह होतो. पण कायद्यानं गाडी १२ महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथं नव्यानं नोंदवावी लागते. मूळ आरटीओची एनओसी, नव्या राज्याचा टॅक्स, मग जुन्या टॅक्सच्या परताव्यासाठी अर्ज. वाचलेले पैसे यात जातात. जुनी एमएच ०९ थार स्वस्तात मिळाली तरी हा खर्च आधी जोडून बघा. लष्करातल्या आणि सरकारी नोकरांना २०२१ पासून बीएच मालिकेचा पर्याय आहे, त्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो. आपल्याकडं घराघरांत फौजी आहेत, त्यांनी तो जरूर विचारात घ्यावा.

मोठे टायर, लोखंडी बुलबार, उंच केलेलं सस्पेन्शन ही हौस महागात पडते. बुलबारवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते. त्यापेक्षा चांगला दोर, दोन मजबूत शॅकल, एक फावडं आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप मागं टाकून ठेवा. चिखलात हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरावर यायच्या आधी ती परत भरायची.