दऱ्या आणि दर्या : संगणकातल्या मराठी अक्षरांचा इतिहास



बेंगळुरूच्या यशवंतपूर स्थानकावर उतरलात तर पाटीवर गावाचे नाव तीन लिप्यांत दिसते: कन्नड, देवनागरी आणि रोमन. त्यातली देवनागरी मराठी माणसाला वाचता येते, पण ते लेखन हिंदीचे आहे. तिथे 'पुर' ऱ्हस्व आहे. मराठी लेखनाच्या नियमांप्रमाणे गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा असतो: नागपूर, सोलापूर, यशवंतपूर. लिपी एक असली तरी भाषा दोन आहेत, हे इथे एका उकारात कळते.

मी याच भागात राहतो आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. हा फरक मी पाटीवर रोज पाहत होतो. संगणकाच्या पोटातही तो आहे आणि तिथे तो जास्त महाग पडतो, हे मला एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पामुळे नीट कळले.

प्रकल्पात काय घडले

बेळगावकडच्या त्या विद्यार्थिनीने आजीकडून ऐकलेल्या म्हणी आणि शब्द गोळा केले होते. काही मोबाईलवर टंकलेले, काही प्रयोगशाळेतल्या संगणकावर. त्यात शोध घेण्यासाठी तिने छोटा प्रोग्राम लिहिला. 'दऱ्या' हा शब्द शोधला तर निम्म्याच ठिकाणी सापडे. उरलेल्या ठिकाणी तो डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही प्रोग्रामला दिसत नव्हता. मग तिने मजकुरातली 'नको असलेली अदृश्य चिन्हे' काढून टाकली. त्यानंतर काही ठिकाणी 'दऱ्या'चे 'दर्या' झाले. डोंगरातल्या खोलगट जागा गेल्या आणि समुद्र आला!

तिचा तर्क चुकला नव्हता. चूक समजून घ्यायची तर चाळीसेक वर्षे मागे जावे लागते.

१२८ जागांचे जग

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, याचा तक्ता आधी ठरवावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या 'आस्की' तक्त्यात १२८ जागा होत्या. इंग्रजीला त्या पुरल्या. देवनागरीसाठी एकही नव्हती.

भारतीय लिप्यांसाठीचे महत्त्वाचे काम १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' या नावाने वाढले. संगणकात एक कार्ड बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. याच काळात 'इस्की' हा भारतीय तक्ता आकाराला आला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तो आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केला.

इस्कीमागची कल्पना मला आजही आवडते. देवनागरी, कन्नड, तमिळ, बंगाली या सगळ्या लिप्या ब्राह्मीच्या लेकी. म्हणून 'क' कोणत्याही लिपीतला असो, तक्त्यात त्याची जागा एकच. इनस्क्रिप्ट कळफलकही याच तत्त्वावर आहे: मराठीत 'क' जिथे, तिथेच कन्नडमध्येही 'क'.

दक्षिणेची जागा, मराठीचे अक्षर

आता 'दऱ्या'कडे या. त्यातला आडव्या फराट्यासारखा अर्धा 'र' हिंदी लेखनाला लागत नाही. मराठीला मात्र तो हवाच. 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्यास आणि 'आचार्यास' म्हणजे गुरूस. हा अर्धा 'र' गेला तर पंगतीचा निरोप थेट गुरुजींना जाईल.

इस्कीत या 'र'साठी काय केले? तमिळ, मल्याळम, जुनी कन्नड यांत एक वेगळा, कठोर 'र' आहे. देवनागरीत तो खाली नुक्ता देऊन 'ऱ' असा लिहितात. सामायिक तक्त्यात या दाक्षिणात्य 'र'ला जागा होतीच. त्याचे अर्धे रूप म्हणजे मराठीचा फराट्याचा 'र', असे ठरले.

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने भारतीय लिप्यांसाठी १९८८ च्या इस्कीची मांडणी घेतली. म्हणून आजही देवनागरीच्या गटात 'ऱ' शून्यापासून मोजल्यास ४९ व्या जागी आहे आणि कन्नडच्या गटात तो जुना 'र'ही ४९ व्याच जागी आहे. कन्नडने आपल्या रोजच्या लेखनातून ते अक्षर कधीच सोडले. मराठी त्याच्या जागेवर रोज 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'वाऱ्यावर' लिहिते. बेंगळुरूत बसून हे शिकवताना मला दर वेळी मौज वाटते.

पण युनिकोडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हाच 'र' लिहिण्याची दुसरी रीतही होती: साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे, न दिसणारे जोडचिन्ह. जुना मजकूर वाचता यावा म्हणून तीही कायम ठेवली गेली. म्हणजे 'दऱ्या' एका रीतीने पाच क्रमांकांचा शब्द आणि दुसऱ्या रीतीने सहा क्रमांकांचा. पडद्यावर दोन्ही सारखे. युनिकोडचे अधिकृत सामान्यीकरणही या दोन रीतींना एक मानत नाही. अदृश्य चिन्ह पुसले की उरतो तो 'दर्या'. विद्यार्थिनीच्या प्रकल्पात नेमके हेच झाले होते.

फाँटांची वर्षे

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. युनिकोड कागदावर होते, पण घरातल्या संगणकांना ते कळत नव्हते. म्हणून शिवाजी, किरण, शुषा, श्रीलिपी असे फाँट वापरात आले. त्यांची युक्ती सोपी होती. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच, चित्र मात्र मराठी अक्षराचे. फाँट बसवलेला असेल तर लेख दिसे, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा. त्या काळातला बराच मजकूर आजही शोधयंत्रांना मराठी म्हणून ओळखता येत नाही.

बेंगळुरूतही हेच चालले होते. शेषाद्री वासू यांचे 'बरह' १९९८ मध्ये आले आणि कन्नड गणक परिषदेने 'नुडी' तयार केले. इंग्रजी कळा दाबून कन्नड उमटवायची 'बरह'ची सोय पुढे देवनागरीलाही मिळाली.

२००० नंतर विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली. तिच्यासोबतचा 'मंगल' हा फाँट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. आता मराठी मजकूर फाँटावर अवलंबून राहिला नाही.

तरी मराठीच्या काही गरजा उरल्याच होत्या. 'ॲप', 'ॲसिड' यांतल्या 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ च्या ५.१ आवृत्तीत. तोवर लोक 'अ'वर चंद्र चढवत किंवा 'ऍ'वर भागवत. म्हणून 'ॲप' हा शब्दही आज तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे तर वेगळे क्रमांक नसलेलीच आहेत. ती फाँटावर सोपवलेली आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही वळणे प्रमाण ठरवली, तरी फाँट हिंदी वळणाचा असेल तर पडद्यावर हिंदी 'ल'च येतो.

रोमन मराठीचे काय?

'कसा आहेस' हे रोमन लिपीत लिहिणाऱ्या मुलांना आपण फार लवकर नावे ठेवतो. कारण पाहा. साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावत, देवनागरीची ७०. शिवाय 'तुम्ही' हा शब्द संगणकाला सहा चिन्हांचा असतो. पैसे संदेशामागे कापले जात. तेव्हा मुलांनी काटकसर केली, त्यांना भाषेचे प्रेम नव्हते असे नाही.

आज ते कारण संपले आहे. फोनवर देवनागरी फुकट आहे, बोलूनही टंकता येते. सवय मात्र राहिली. माझे मत असे: मित्राला रोमनमध्ये लिहा, हरकत नाही. पण जे दहा वर्षांनी कुणी शोधावे असे तुम्हाला वाटते, ते देवनागरीत आणि नेमक्या अक्षरांनी लिहा. भाषांतर करणारी, बोलणे ओळखणारी यंत्रे आपण लिहिलेल्या मजकुरावरच शिकतात. त्यात 'दऱ्या' नसतील तर ती 'दर्या'च शिकतील.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवा. तक्त्यात जागा आपोआप मिळत नाही. 'ऱ्य'ला ती शेजारच्या भाषांमुळे मिळाली, 'ॲ'ला मागणी करावी लागली. तक्ते माणसे बनवतात आणि जो तिथे बोलतो त्याचे अक्षर त्यात जाते. तुमच्यापैकी कुणाची भाषा कोंकणी, तुळू किंवा गोंडी असेल, तर हा धडा तुमच्यासाठी अधिकच आहे.

करून पाहा

१. 'दऱ्या' हा शब्द फोनवर आणि संगणकावर टंका. दोन्हींतले क्रमांक छोट्या प्रोग्रामने छापून ताडून पाहा.

२. शोधण्यापूर्वी दोन्ही रीती एक करणारे फंक्शन लिहा. अदृश्य चिन्ह नुसते पुसू नका. आधी 'र', हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवा.

३. तुमच्या मातृभाषेतले असे एक अक्षर शोधा जे शेजारच्या भाषेला लागत नाही. तुमच्या कळफलकावर ते आहे का? नसेल, तर ते कुणाकडे मागायचे हेही शोधून काढा.

त्या विद्यार्थिनीने दुसरा प्रश्न सोडवला आणि आजीच्या सगळ्या दऱ्या परत मिळवल्या. फंक्शन अकरा ओळींचे होते.