रणगाड्याची प्रतिकृती : आधी शोध, मग जोडणी

जर्मन ‘टायगर’ रणगाडा तोफेच्या नळीसह ८.४५ मीटर लांब होता. १:३५ या प्रमाणात त्याची प्रतिकृती साधारण २४ सेंटिमीटरची होते. दर्शनी भागाचे १०० मिलिमीटर जाडीचे पोलाद त्यात जेमतेम तीन मिलिमीटरचे उरते. रणगाड्यांच्या प्रतिकृतींच्या जगात हेच प्रमाण सर्वाधिक रूढ आहे आणि त्याचे मूळ मोठे गमतीदार आहे. जपानच्या टामिया कंपनीने १९६१ च्या सुमारास ‘पँथर’ रणगाड्याचा संच बाजारात आणला, तेव्हा आतील मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला, तोच पुढे जगभरचा प्रघात झाला.

संचाच्या खोक्यावर केवळ ‘टायगर’ असे लिहिलेले असते. अभ्यासू छंदिष्टाची अडचण तेथूनच सुरू होते. ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या दोन वर्षांत सुमारे १,३५० टायगर तयार झाले आणि या काळात त्यांच्या रचनेत सतत फेरफार होत राहिले. टरेटवरील कमांडरचा उंच, डब्यासारखा टेहळणी मनोरा १९४३ च्या मध्यावर बदलून ठेंगणा झाला. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून पत्र्यावर ‘झिमेरिट’ नावाचा खरबरीत लेप देण्याची पद्धत १९४३ च्या उत्तरार्धात सुरू झाली आणि वर्षभरातच बंदही झाली. रबरी कडांची चाके १९४४ च्या प्रारंभी जाऊन पोलादी चाके आली. आफ्रिकेच्या रणांगणावरील टायगरला झिमेरिटचा लेप चढवणे म्हणजे शिवकालीन मावळ्याच्या मनगटावर घड्याळ बांधण्यासारखेच! म्हणून पहिला प्रश्न कोणता टायगर, हा असतो आणि दुसरा, कोणत्या दिवशीचा.

या दोन्ही प्रश्नांचा अभ्यास करण्यास ‘टायगर १३१’ इतका योग्य नमुना दुसरा नाही. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टन येथील टँक म्युझियममध्ये तो उभा आहे. स्वतःच्या इंजिनाच्या बळावर चालणारा जगातील एकमेव टायगर म्हणून त्याची ख्याती आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये कासेल येथील हेन्शेल कारखान्यात तो तयार झाला. त्याच्या सांगाड्याचा क्रमांक २५०१२२. जर्मनीच्या ५०४ व्या अवजड रणगाडा दलाबरोबर तो ट्युनिशियात उतरला. टरेटवरील आकडाही बोलका आहे : पहिली कंपनी, तिसरी तुकडी, पहिला रणगाडा.

मूळ वस्तूच समोर उभी असताना आणखी शोध कशाला, असे कोणाला वाटेल. येथेच नवखे फसतात. संग्रहालयातील वस्तू पुरावा असते, तशीच ती दुरुस्तही केलेली असते. १९९० मध्ये या रणगाड्याच्या जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले आणि २००३ च्या अखेरीस तो पुन्हा धावू लागला. परंतु त्यासाठी त्यात बसवलेले इंजिन मूळचे नव्हते. पहिल्या अडीचशे टायगरमध्ये मायबाखचे २१ लिटरचे एचएल २१० इंजिन होते. आज १३१ मध्ये आहे ते नंतरच्या काळातील २३ लिटरचे एचएल २३०. मागील झाकणे उघडी ठेवून आतील यंत्रणा दाखवू इच्छिणाऱ्याने संग्रहालयात छायाचित्रे काढली आणि त्यांबरहुकूम काम केले, तर अत्यंत निगुतीने केलेली ती चूक ठरेल. रंगाचीही तीच गत. संग्रहालयाच्या ताब्यात आल्यापासून रणगाडा अनेकदा रंगवला गेला आहे.

उलट काही खुणा कोणत्याही रंगाखाली लपत नाहीत. ब्रिटिश चर्चिल रणगाड्यांच्या सहा पौंडी तोफांचे तीन गोळे या रणगाड्याला लागले. एक तोफेच्या नळीला खालून घासून टरेटच्या बैठकीत रुतला आणि टरेट फिरेनासे झाले. दुसऱ्याने टरेट उचलण्याच्या कडीवर आघात केला, त्यामुळे तोफ खालीवर करण्याची यंत्रणा निकामी झाली. तिसरा गोळा भरणाऱ्या सैनिकाच्या झाकणावर आदळला. रणगाडा नष्ट न करताच जर्मन सैनिक तो सोडून गेले आणि पश्चिमी मित्रराष्ट्रांच्या हाती प्रथमच एक जवळपास धडधाकट टायगर लागला. प्रतिकृतीत हे घाव दाखवायचे, तर ते गोळा लागल्यानंतरच्या क्षणाचे चित्रण होते. न दाखवावेत, तर त्याआधीचे. दोहोंच्या मधली वाट नाही.

छायाचित्रांचा पुरावा सर्वांत मोलाचा, पण तारखेविना तो आंधळा. १९४३ च्या उन्हाळ्यात ट्युनिस येथे सम्राट सहावे जॉर्ज आणि पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी हा रणगाडा पाहिला, त्या प्रसंगीची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत रणगाड्यावर ब्रिटिश ‘फर्स्ट आर्मी’चे चिन्ह दिसते. ते पकडणाऱ्यांनी नंतर रंगवलेले होते. तेच चित्र प्रमाण मानून जर्मन सैनिकांसह प्रतिकृती सजवली, तर शत्रूच्या छातीवर आपलाच बिल्ला लावल्यासारखे होईल. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात रणगाडा इंग्लंडला पोहोचला व पुढे लंडनच्या हॉर्स गार्ड्स परेडवर लोकांना दाखवण्यात आला. तेथील छायाचित्रे त्याहून नंतरची.

कृष्णधवल छायाचित्रावरून रंग ठरवणे हा तर निव्वळ धोका. त्या काळातील काही फिल्म लाल रंगाला जवळपास काळा दाखवीत. १३१ चे आकडे लाल असून त्यांना पांढरी किनार होती, हे लक्षात घेतले म्हणजे गोंधळाची कल्पना येईल. मूळ रंगासाठी जर्मन लष्कराचे आदेश पाहावे लागतात. उष्ण प्रदेशासाठी मार्च १९४२ मध्ये तपकिरी व करडी अशी नवी जोडी ठरली. फेब्रुवारी १९४३ मध्ये सर्व वाहनांसाठी गडद पिवळा मूळ रंग जाहीर झाला. १३१ चा जन्म नेमका त्याच महिन्यातला! आदेश निघाला म्हणून कारखान्यातील रंगाचे डबे त्याच दिवशी बदलतात असे नव्हे. अशा वेळी तत्कालीन ब्रिटिश तंत्रज्ञांनी पकडलेल्या रणगाड्यांची तपासणी करून लिहिलेले अहवाल उपयोगी पडतात.

छापील आराखड्यांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. एकाने चुकीचे माप काढले की पुढचे दहाजण तेच उतरवतात. टायगरच्या बाबतीत थॉमस जेंट्झ आणि हिलरी डॉइल यांची पुस्तके आधारभूत मानली जातात, ती त्यांनी मूळ कागदपत्रे धुंडाळून आणि शिल्लक रणगाड्यांची मापे प्रत्यक्ष घेऊन काम केले म्हणून. लढाईतील ७२५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा प्रतिकृतीत २०.७ मिलिमीटर होतो, तर रेल्वेने नेताना चढवायचा ५२० मिलिमीटरचा पट्टा १४.९. मोजपट्टी हाती असली की असा घोटाळा तत्काळ उघड होतो.

या साऱ्या खटाटोपाला केवळ छंदाचे मोल आहे, असे मात्र नाही. रणगाडा २१ एप्रिल १९४३ रोजी जेबेल जाफा येथे हाती लागला, असे अनेक दशके पुस्तकांत छापले जात होते आणि संच जोडणारेही तीच तारीख पायथ्यावर कोरीत. लढाईनंतर सुमारे सात दशकांनी, शेरवूड फॉरेस्टर्स पलटणीतील एका सैनिकाच्या मुलाने वडिलांकडून ऐकलेली हकीकत रणगाड्यावरील घावांशी आणि युद्धनोंदींशी ताडून पाहिली. त्यातून निष्पन्न झाले ते असे : घटना २४ एप्रिलची, आणि स्थळ गेरिअत एल अताच येथील ‘पॉइंट १७४’ ही टेकडी. फॉरेस्टर्सच्या पायदळाने ती घेतली होती. जर्मनांनी रणगाड्यांनिशी प्रतिहल्ला केला, तेव्हा तेथे हा रणगाडा निकामी झाला. ज्या पायदळाच्या जवानांनी टेकडीसाठी रक्त सांडले, त्यांचे नाव या सुप्रसिद्ध वस्तूच्या इतिहासातून इतकी वर्षे गायब होते. संग्रहालयाने ही दुरुस्ती स्वीकारली आहे.

बोव्हिंग्टन गाठणे प्रत्येकाला शक्य नाही. पण रणगाडा जवळून न्याहाळण्याची सवय महाराष्ट्रातही लावून घेता येते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये टायगर नसला, तरी त्याला नमवणाऱ्या चर्चिल जातीचा रणगाडा आहे. सांधे कसे जोडले आहेत, ओतीव पोलादाचा पृष्ठभाग कसा दिसतो, पट्ट्याच्या कड्या कशा लोंबतात, हे तेथे निवांत पाहता येते. मात्र हा चर्चिल ‘मार्क ७’ या नंतरच्या प्रकारातील आहे आणि त्याची तोफ ७५ मिलिमीटरची आहे. १३१ वर गोळे डागणाऱ्या चर्चिलची तोफ ५७ मिलिमीटरची होती. ट्युनिशियाचा देखावा उभारणाऱ्याने तेथून चिलखताचा पोत जरूर उचलावा, तोफेची नळी उचलू नये.