मार्गदर्शक संगणक आणि विमानाचे अवतरण : काली येथील १९९५ च्या अपघाताचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यंत्रातील बिघाड म्हणजे यंत्र बंद पडणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. इंजिन थांबते, दिवा विझतो, मापकाचा काटा हलेनासा होतो. वैमानिकाला बिघाड तत्काळ कळतो आणि त्याला पर्यायी मार्ग धरता येतो. कॉकपिटमधील मार्गदर्शक संगणकाच्या बाबतीत ही समजूत अपुरी ठरते. येथे पडदा उजळलेला असतो, रेषा आखलेली असते, ऑटोपायलट त्या रेषेवरून निमूटपणे विमान नेत असतो आणि तरीही विमान भलतीकडे चाललेले असते. विमान धावपट्टीकडे उतरत असताना अशी स्थिती उद्भवली तर काय करावे, याचे नियम कसे घडले, हे पाहताना कोलंबियातील काली शहराजवळ १९९५ मध्ये झालेला अपघात केंद्रस्थानी ठेवावा लागतो. प्रस्तुत लेखात त्याच घटनेचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी

लांब पल्ल्याच्या विमानांत पूर्वी मार्ग काढण्यासाठी नॅव्हिगेटर हा स्वतंत्र कर्मचारी असे. १९७० च्या सुमारास जडत्वाधारित दिक्चालन यंत्रणा आल्या आणि त्याचे आसन रिकामे झाले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या कृतिगटाने नव्या विमानांसाठी दोन वैमानिक पुरेसे असल्याचे मान्य केले. १९८२ मध्ये बोइंग ७६७ आणि पुढील वर्षी ७५७ सेवेत दाखल झाले, ते फ्लाइट मॅनेजमेंट संगणक घेऊनच. मार्ग, इंधन, उतरण्याचा कोन हे सारे गणित या संगणकाकडे गेले.

हा बदल सोयीचा होता, यात शंका नाही. मात्र मियामी विद्यापीठातील अर्ल वीनर यांनी ७५७ च्या वैमानिकांचा अभ्यास करून १९८९ मध्ये अहवाल सादर केला, त्यात एक विसंगती पुढे आली. जेव्हा काम मुळातच कमी असते, तेव्हा संगणक ते आणखी कमी करतो. अवतरणाच्या धांदलीत मात्र मान खाली घालून कळफलक दाबण्याचे काम तो वाढवतो. हा इशारा कालीच्या सहा वर्षे आधीचा आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

२० डिसेंबर १९९५ ची रात्र

अमेरिकन एअरलाइन्सचे ९६५ क्रमांकाचे बोइंग ७५७ मियामीहून सुमारे दोन तास उशिरा निघाले होते. विमानात १६३ जण होते. कालीचा विमानतळ अँडीजच्या दोन रांगांमधील दक्षिणोत्तर खोऱ्यात आहे. तेथील रडार गनिमी बंडखोरांनी १९९२ मध्ये उद्ध्वस्त केले होते. त्यामुळे विमान नेमके कोठे आहे, हे नियंत्रकाला केवळ वैमानिकांच्या बोलण्यावरूनच समजू शकत होते.

विमानतळ ओलांडून पुढे जायचे आणि वळून दक्षिणेकडून उतरायचे, असा वैमानिकांचा बेत होता. वारा शांत असल्याने नियंत्रकाने उत्तरेकडून थेट उतरण्याचा पर्याय सुचवला. वेळ वाचणार होता. कॅप्टनने तो स्वीकारला. आता उंची झपाट्याने कमी करणे भाग होते, म्हणून पंखांवरील वेगरोधक पट्ट्या उघडण्यात आल्या. कॅप्टनने संगणकाला थेट कालीकडे जाण्याची आज्ञा दिली, तेव्हा मधले सर्व मार्गबिंदू पडद्यावरून नाहीसे झाले. तुलुआ येथील रेडिओ बीकन आल्यावर कळवा, असे नियंत्रकाने सांगितले होते. तो बीकन वैमानिक पडद्यावर शोधत राहिले आणि तोवर विमान त्याला मागे टाकून पुढे गेले.

त्यानंतर धावपट्टीजवळील रोझो या बीकनकडे जाण्याचे ठरले. छापील नकाशात रोझोची खूण 'आर' या एकाच अक्षराने दाखवली होती, म्हणून संगणकात 'आर' टंकित करण्यात आले. परंतु संगणकाच्या माहितीसाठ्यात ते अक्षर बोगोटाजवळील रोमिओ या दुसऱ्याच बीकनला दिलेले होते. रोझोसाठी पूर्ण नाव लिहिणे आवश्यक होते. यादीतील पहिले नाव निवडले गेले आणि अंधारात विमान डावीकडे, पूर्वेच्या डोंगरांकडे वळले. चूक ध्यानात येईपर्यंत मिनिटाहून अधिक काळ गेला. त्यानंतर विमान उजवीकडे वळवण्यात आले. पण उतरणे थांबवण्यात आले नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा आघातापूर्वी जेमतेम बारा-तेरा सेकंद मिळाला. इंजिनांना पूर्ण शक्ती देण्यात आली, नाक वर उचलण्यात आले. वेगरोधक पट्ट्या मात्र उघड्याच राहिल्या. १५९ जण मृत्युमुखी पडले, चौघे वाचले.

चौकशी आणि उत्तरदायित्व

संगणकाच्या स्मृतीतील नोंदी अवशेषांतून मिळवता आल्या, म्हणूनच 'रोमिओ'चा उलगडा झाला. कोलंबियाच्या नागरी विमानवाहतूक खात्याच्या १९९६ च्या अहवालात वैमानिकांची अपुरी पूर्वतयारी, आपण कोठे आहोत याचे सुटलेले भान आणि अवतरण सोडून न देणे, ही कारणे नोंदली आहेत. ऐतिहासिक दृष्टीने अधिक महत्त्वाचे कारण आणखी एक आहे : संगणकाच्या साहाय्याने मार्ग काढणे गोंधळाचे झाल्यावरही वैमानिक साध्या रेडिओ दिक्चालनाकडे परतले नाहीत. म्हणजे तुलुआच्या बीकनवर रेडिओ लावून काटा कोठे वळतो ते पाहणे, ही जुनी रीत हाताशी असूनही वापरली गेली नाही. नियंत्रकाची साक्षही बोलकी आहे. वैमानिकांच्या विनंत्या त्याला विसंगत वाटल्या होत्या. ते स्पॅनिशभाषक असते तर त्याने तसे सांगितले असते, पण तेवढे इंग्रजी त्याच्यापाशी नव्हते.

संगणक त्या रात्री नादुरुस्त नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचे त्याने आपल्या माहितीनुसार अचूक उत्तर दिले. मग दोष कोणाचा? मियामीतील ज्यूरीने २००० मध्ये विमान कंपनीवर ७५ टक्के, माहितीसाठा पुरवणाऱ्या जेपसनवर १७ टक्के आणि संगणक बनवणाऱ्या हनीवेलवर ८ टक्के दायित्व टाकले. ही विभागणी वादग्रस्त वाटू शकते. तरीही नकाशा आणि संगणक यांत एकाच स्थळाच्या दोन खुणा असणे हा केवळ वैमानिकाचा प्रमाद नाही, हे तिच्यामुळे न्यायालयीन पातळीवर नोंदले गेले.

नियमांची घडण

१९९७ मध्ये याच कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात झालेले एक व्याख्यान वैमानिकांच्या जगात पुढे फार गाजले. पडद्यावरील जांभळट रेषेवर विसंबणाऱ्यांना वक्त्याने त्या रेषेची 'लेकरे' म्हटले आणि गोंधळ वाढताच स्वयंचलनाची एकेक पायरी उतरत हाताने विमान चालवण्यास सांगितले. भूप्रदेशाचा नकाशा स्मृतीत ठेवून आगाऊ इशारा देणारी यंत्रणा मोठ्या प्रवासी विमानांत बसवणे अमेरिकेने २००० च्या नियमाने आवश्यक केले.

दृश्य बिघाडाचे उदाहरण ११ सप्टेंबर २०१८ चे आहे. दिल्लीहून न्यूयॉर्कला पोहोचलेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७७७ मधील आयएलएस संकेत घेणारी यंत्रणा निकामी झाली आणि रेडिओ उंचीमापकांपैकी एकच विश्वासार्ह राहिला. ढग खाली होते, इंधन मर्यादित होते. वैमानिकांनी अवतरण सोडले, नियंत्रकाला एकेक बिघाड स्पष्ट शब्दांत सांगितला, आसपासच्या विमानतळांवरील हवामान विचारले आणि नेवार्क येथे आयएलएसविना विमान सुखरूप उतरवले. येथे काय बिघडले आहे ते ठाऊक होते, म्हणून काय उरले आहे हेही मोजता आले.

अदृश्य बिघाडाचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या धावपट्टी १० कडे उपग्रहाधारित पद्धतीने उतरणाऱ्या काही विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. त्या वेळी पर्यायी कार्यपद्धती वापरण्यात आली. ज्या धावपट्ट्यांवर जमिनीवरील पारंपरिक साधने चालू होती, तेथील वाहतुकीवर परिणाम झाला नाही. अशा साधनांचे किमान जाळे देशात कायम ठेवले जात असल्याचेही त्याच उत्तरात नमूद आहे.