नानौतवी, मौलाना मुहंमद कासिम

(१८३३ – १५ एप्रिल १८८०). भारतीय इस्लामी धर्मपंडित व देवबंद येथील दारुल-उलूम या धर्मविद्यापीठाचे एक प्रमुख संस्थापक. जन्म उत्तर प्रदेशातील सहारनपूर जिल्ह्यात नानौता या गावी. दिल्ली कॉलेजातील अरबीचे अध्यापक मौलाना ममलूक अली यांच्याजवळ दिल्लीस त्यांचे शिक्षण झाले. शाह अब्दुल गनी यांच्याकडे त्यांनी हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व आचार यांविषयीच्या परंपरांचे, अध्ययन केले. रशीद अहमद गंगोही हे त्यांचे सहाध्यायी व आजन्म स्नेही. दोघांनीही हाजी इमदादुल्लाह या सूफी साधकांचे शिष्यत्व पत्करले. उपजीविकेसाठी नानौतवी दिल्ली व मीरत येथील छापखान्यांत मुद्रितशोधनाचे काम करीत. सहीह बुखारी या हदीससंग्रहाच्या अखेरच्या भागावरील टीपाही त्यांनी लिहिल्या.

१८५७ च्या उठावात शामली येथील लढाईत त्यांनी भाग घेतला, असे देवबंदी परंपरा मानते. तथापि त्यांच्या सहभागाच्या स्वरूपाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. उठावानंतर मोगल सत्ता संपली व दिल्लीतील विद्याकेंद्रे विस्कटली. दरबार व अमीर-उमराव यांच्या आश्रयावर पोसलेली धर्मविद्या त्या आश्रयावाचून कशी टिकवावी, हा प्रश्न उलेमांपुढे उभा राहिला.

देवबंदच्या मदरशाने त्याचे उत्तर शोधले. मे १८६६ मध्ये तेथील छत्ता मशिदीत तो सुरू झाला. मुल्ला महमूद हे पहिले शिक्षक व महमूद हसन हे पहिले विद्यार्थी. वर्गणी जमविण्यात हाजी आबिद हुसेन यांनी पुढाकार घेतला होता. त्यामुळे संस्थापनेचे श्रेय एकट्या नानौतवींना देणे सर्वांस मान्य नाही. मात्र संस्थेला तात्त्विक बैठक लाभली ती त्यांनी घालून दिलेल्या आठ नियमांमुळे. सर्वसामान्यांच्या देणग्यांवरच मदरसा चालावा, सरकार व धनिक यांचा त्यात सहभाग नसावा, जहागीर किंवा कारखाना यांसारखे निश्चित उत्पन्न मिळाल्यास ईश्वरावरील भिस्त ढळेल व चालकांत कलह माजेल, असे त्यांत बजावले आहे. कारभार परस्परविचाराने व्हावा, असाही दंडक आहे. आश्रयदाता गेल्याने संस्था बुडण्याचा धोका यामुळे टळला. ठरावीक अभ्यासक्रम, वर्ग व वार्षिक परीक्षा ही पद्धती येथे रुळली. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आधुनिक शास्त्रे शिकविण्यास सरकारी शाळा आहेतच, उपेक्षा होत आहे ती जुन्या विद्यांची, अशी नानौतवींची भूमिका होती. सरकारी साहाय्य घेऊन आधुनिक शिक्षण देणाऱ्या अलीगढच्या चळवळीहून हा मार्ग भिन्न होता. असे असूनही तिचे प्रवर्तक सर सय्यद अहमदखान यांनी नानौतवींच्या निधनानंतर त्यांच्या विद्वत्तेचा व निःस्पृहतेचा मुक्तकंठाने गौरव केला.

शाहजहानपूरजवळील चांदापूर येथे १८७६ व १८७७ मध्ये भरलेल्या धर्मचर्चांत त्यांनी इस्लामची बाजू मांडली. दुसऱ्या चर्चेत स्वामी दयानंद सरस्वती हेही सहभागी होते. तहजीरुन्नास, आबे हयात, किब्लानुमा इ. ग्रंथ त्यांनी लिहिले. त्यांपैकी पहिल्यातील पैगंबरत्वाच्या समाप्तीविषयीच्या विवेचनावर अहमद रजाखान बरेलवी यांनी कठोर आक्षेप घेतले व तो वाद दीर्घकाळ चालला.

देवबंद येथे त्यांचे निधन झाले. पहिले विद्यार्थी महमूद हसन यांनी पुढे ब्रिटिश सत्तेविरुद्ध कार्य केले व माल्टा येथे कारावास भोगला. देवबंदच्या धर्तीवर भारतीय उपखंडात व त्याबाहेरही अनेक मदरसे निघाले. त्यांतील बहुसंख्य लोकवर्गणीचे तत्त्व पाळत आले आहेत.