तारामतीपासून आजीपर्यंत : कै. दुर्गाबाई खोटे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी “एखाद्या कर्तबगार स्त्रीवर लिहून द्या” असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, तेव्हा माझ्या मनात दुसरे नाव आलेच नाही. दुर्गाबाई खोटे यांचे नाव मी लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकत आले आहे. मी काही इतिहासकार नव्हे, नाट्यसमीक्षक तर नव्हेच. परंतु या बाईंच्या आयुष्याशी माझ्या आईच्या आयुष्याचा एक धागा गुंतलेला आहे. तो उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळेना. कुलीन घरातील बायका तर दूरच, ज्यांना समाजाने आधीच दूर लोटले होते अशा बायकांनीही नकार दिला. शेवटी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी काम केले आणि पडद्यावर मराठी स्त्री प्रथम अवतरली. तरीही “चांगल्या घरच्या बाईने तोंडाला रंग लावू नये” हे ब्रह्मवाक्य पुढे कैक वर्षे टिकून राहिले. रंगभूमीवरही सुभद्रा आणि रुक्मिणी पुरुषच होत असत, आणि बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घरोघरच्या स्त्रिया करीत असत!

अशा काळात, १४ जानेवारी १९०५ रोजी, मुंबईत लाडांच्या घरी दुर्गाबाईंचा जन्म झाला. वडील पांडुरंगराव, आई मंजुळाबाई. कुटुंब मूळचे गोव्याचे. मुलीचे माहेरचे नाव विटा. कांदेवाडीतल्या भरल्या घरात ती वाढली. कॅथेड्रल हायस्कूल आणि पुढे सेंट झेवियर कॉलेज असे शिक्षण त्या काळी किती मुलींच्या वाट्याला येत असेल! कॉलेजात असतानाच खोटे यांच्या सधन घराण्यात लग्न झाले. बकुल आणि हरिन असे दोन मुलगे झाले. पाहणाऱ्याला वाटावे, आता या मुलीला काय कमी?

परंतु लक्ष्मी चंचल असते. सासरची सांपत्तिक स्थिती पालटली आणि पदरी दोन लहान मुले असलेल्या या तरुण स्त्रीवर स्वतः मिळवण्याची वेळ आली. वैधव्यही तरुणपणीच आले. इंग्रजी चांगले असल्यामुळे त्यांनी शिकवण्या केल्या. अशातच १९३१ साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांना एक लहानशी भूमिका मिळाली. चित्रपट पडला आणि लाडांच्या मुलीचे व खोट्यांच्या सुनेचे नाव मात्र लोकांच्या जिभेवर चढले. मिळकत थोडी आणि बदनामी फार, असा तो पहिला अनुभव होता. दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती.

पण कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचे व्ही. शांताराम यांनी त्यांना हेरले. प्रभातला आपला पहिला बोलपट काढायचा होता. विषय तोच, हरिश्चंद्र-तारामतीचा. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. मराठी बोलपटाचा संसार या चित्राने सुरू झाला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, दुर्गाबाई तारामती झाल्या. पार्श्वगायन ही गोष्ट तेव्हा नव्हती. कॅमेऱ्यासमोर उभे राहून नटाने स्वतःच बोलायचे आणि स्वतःच गायचे. शिवाय चित्र मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाले. अभिनयाची कसलीही तालीम न घेतलेल्या, मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या या बाईने हे आव्हान पेलले. ज्या तारामतीसाठी १९१३ साली एक स्त्री मिळाली नव्हती, ती तारामती एकोणीस वर्षांनी एका पदवीच्या वर्गापर्यंत शिकलेल्या, दोन मुलांच्या आईने साकार केली!

माझी आई त्या वर्षी दहा वर्षांची होती. गिरगावातल्या तिच्या मावशीने घरी देवळात जाते म्हणून सांगितले आणि आईला बोट धरून हा बोलपट दाखवायला नेले. घाटावरच्या प्रसंगात सगळ्या बायका पदराने डोळे पुसत होत्या, असे आई सांगे. घरी परतताना मावशी म्हणाली, “ही आपल्यातलीच हो, कांदेवाडीची!” आईने ते वाक्य जन्मभर जपून ठेवले.

त्यानंतर दुर्गाबाईंनी मागे वळून पाहिले नाही. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या, शेजारी पाळीव चित्ता बसवून दरबार भरवणारी ती राणी जुन्या लोकांना अजून आठवते. पुढे त्या कलकत्त्यास गेल्या. न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’त (१९३३) आणि ‘सीता’ या चित्रात (१९३४) देवकी बोस यांनी त्यांना प्रमुख भूमिका दिल्या. ‘सीता’ व्हेनिसच्या चित्रमहोत्सवात दाखवले गेले. त्यात पृथ्वीराज कपूर राम होते. १९३६ साली प्रभातच्या ‘अमर ज्योती’मध्ये त्या सौदामिनी झाल्या. बाई म्हणून पोटच्या मुलावरचा हक्क नाकारला गेल्यामुळे बंड करून समुद्रावर चाचेगिरी करणारी ही स्त्री! मंडळातील वकील भगिनींनी हे चित्र अवश्य पाहावे. त्यातील प्रश्न अजून जुना झालेला नाही.

त्या काळी नटनट्या कंपनीत महिन्याच्या पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी मात्र आज कोल्हापूर, उद्या कलकत्ता, परवा मुंबई असे जिथे चांगले काम मिळेल तिथे करार करून काम केले. असा स्वतंत्र बाणा दाखवणाऱ्या आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते. इतकेच नव्हे, तर ‘सवंगडी’ (हिंदीत ‘साथी’) या चित्राच्या निमित्ताने त्या निर्मितीतही उतरल्या. दुसऱ्याने दिलेली भूमिका करणे निराळे आणि स्वतःचा पैसा घालून चार लोकांना काम देणे निराळे.

त्यांच्या अभिनयातील विविधता पाहायची तर एकच जोडी पुरेशी आहे. १९३४ साली त्या सीता होत्या. १९४२ साली विजय भट्ट यांच्या ‘भरत भेट’मध्ये त्या कैकेयी झाल्या. एकाच रामायणाची ही दोन टोके! त्याआधी १९४१ साली आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’मध्ये त्या सुनेला छळणारी सासू झाल्या होत्या. सून होत्या वनमाला. देवीसारख्या भूमिका करून लोकांचे प्रेम मिळवलेली नटी खाष्ट सासू व्हायला सहसा धजत नाही. दुर्गाबाई धजल्या, आणि याच दोन भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपत्रकारांच्या संघाने त्यांचा गौरव केला. आमच्या चाळीत म्हणे कित्येक वर्षे कोणत्याही जहांबाज सासूला “पायाची दासीतली” म्हणत असत.

चित्रपटातील नाव आणि पैसा हाती असताना त्या रंगभूमीकडे वळल्या, हे मला विशेष वाटते. नाटकात पैसा थोडा आणि कष्ट दुप्पट. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी मनापासून कामे केली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या. मॅकबेथवरून शिरवाडकरांनी लिहिलेल्या ‘राजमुकुट’ (१९५४) या नाटकात राज्यलोभाने पेटलेली पत्नी त्यांनी उभी केली; समोर नानासाहेब फाटकांसारखा कसलेला नट होता. पडद्यावर चुकले तर पुन्हा घेता येते. रंगमंचावर तोंडातून गेलेले वाक्य परत येत नाही. पन्नाशीला टेकलेल्या, नावलौकिक मिळवलेल्या बाईने ही परीक्षा पुन्हा द्यावी, यातच तिची जात दिसते. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता आईचा धागा. माझे वडील १९५० साली वारले. आई तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि आम्ही दोघे भावंडे लहान होतो. आईने शिवण घेतले, चार मुलींच्या शिकवण्या घेतल्या. आमच्या वाडीतील गणेशोत्सवात बायकांनी एक नाटिका बसवली होती. तीत आईने काम केले. ते पाहून एका नाटक मंडळीतील गृहस्थांनी घरी येऊन विचारले की, आमच्या नाटकात काम कराल का? प्रयोगामागे पैसे मिळणार होते. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना चहासुद्धा न देता वाटेला लावले. “विधवा बाई आणि नाटकात?” एवढ्या चार शब्दांत निकाल लागला. आई काही बोलली नाही. रात्री मशीन मात्र उशिरापर्यंत चालू होते, हे मला आठवते.

१९८२ साली ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून मी ते तिला वाचून दाखवले. मला वाटले होते, आईला हुरूप येईल. दोन-तीन दिवस ती मुकाट्याने ऐकत होती. मग म्हणाली, “बाई धीराची खरी. पण तिला परत जायला माहेर होते गं, इंग्रजी होते. मला तुम्ही दोघे होता आणि एक मशीन.” हे बोलण्यात मत्सर नव्हता. हिशेब होता.

आईच्या या बोलण्याने मला विचार करायला लावले. “प्रतिष्ठित घरातील पहिली नटी” असे दुर्गाबाईंचे वर्णन आपण मोठ्या अभिमानाने करतो. परंतु त्यात कमलाबाई गोखल्यांसारख्या स्त्रियांवर नकळत अन्याय होतो. पोटासाठी त्या आधी आल्या, निंदा त्यांनी आधी सोसली, आणि तरीही त्यांचे येणे जणू मोजायचेच नाही, असा अर्थ त्यातून निघतो. मग दुर्गाबाईंचे मोठेपण कशात? माझ्या मते ते या एका गोष्टीत आहे. घराण्याच्या नावाने दार उघडले असेल. पण ते पुढे पन्नास वर्षे उघडे ठेवले ते त्यांच्या कामाने. दार एकदा उघडे राहिले की मग कोणाच्याही लेकीला आत जाता येते. माझ्या आईला उशीर झाला होता. आईच्या नातीला, म्हणजे माझ्या मुलीला, कॉलेजच्या नाटकात काम करताना आमच्या घरी कोणी विचारलेसुद्धा नाही.

उत्तरायुष्यातील त्यांची कामे बहुतेक भगिनींनी पाहिलीच आहेत. १९६०च्या ‘मुगल-ए-आझम’मध्ये त्या जोधाबाई होत्या आणि अकबर होते पृथ्वीराज; सव्वीस वर्षांपूर्वीचे राम-सीता आता एका हट्टी पुत्राचे आईबाप झाले होते! पती आणि पुत्र यांच्यामध्ये सापडलेल्या आईची ती तगमग विसरता येत नाही. ‘बॉबी’तील (१९७३) प्रेमळ गोवेकर आजी, ‘बिदाई’तील (१९७४) आई, आणि या भूमिकेसाठी मिळालेला फिल्मफेअर पुरस्कार, हे सारे सत्तरीच्या आसपासचे. शिवाय त्यांनी स्वतःची संस्था काढून लघुपट आणि जाहिरातपट केले. १९८८ साली दूरदर्शनवर घरोघरी पाहिली गेलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या.

दुःखाने त्यांची पाठ सोडली नव्हती. मुलगा हरिन त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्याच्या पत्नी विजयाबाई, म्हणजेच प्रसिद्ध दिग्दर्शिका विजया मेहता, यांनी पुढे मराठी रंगभूमीवर केलेले काम आपण जाणतोच. पुत्रशोकानंतरही दुर्गाबाई कामावर उभ्या राहिल्या.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. ही बातमी मी आईला वाचून दाखवली, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “म्हणजे फाळक्यांना शेवटी तारामती मिळाली!” २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई निवर्तल्या. त्यानंतर चार वर्षांनी आईही गेली.

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी दरवर्षी एक नाटिका होते. दरवर्षी कोणी ना कोणी नवी भगिनी दाराशी घुटमळते. “मला कुठे जमणार”, “घरी काय म्हणतील”, असे म्हणते. तिला माझे एवढेच सांगणे आहे की, तालमीला येऊन बसावे. वाक्य चुकले तर आम्ही सांभाळून घेऊ. आणि घरी कोणी काही म्हणालेच, तर मंडळातल्या आम्ही चौघीजणी येऊन बोलू. माझ्या आईच्या वेळी अशा चौघीजणी असत्या, तर त्या रात्री ते मशीन इतक्या उशिरापर्यंत चालले नसते.