ठिबकचं अनुदान: महाडीबीटीवर ‘अटी मान्य’ करण्याआधी हे वाचा

गावाकडे सरकारी योजनेचा अर्ज आता कोण भरतं? घरात ज्याच्या हातात चांगला फोन आहे तो. सातबारा वडिलांच्या नावावर, आधार वडिलांचं, बँक खातं वडिलांचं, पण स्क्रीनवर बोट आपलं. आमच्याकडेही तसंच होतं. २०२१ मध्ये दोन एकर टोमॅटोसाठी ठिबकचा अर्ज मीच मोबाईलवर भरला. दहा मिनिटांत झाला. शेवटी अटी मान्य असल्याची खूण करायची होती, ती मी न वाचताच केली. ॲप इन्स्टॉल करताना करतो तशी.

त्या खुणेची किंमत पुढे अण्णांनी भरली. ती कशी, ते खाली सांगतो. त्याआधी योजना नीट समजून घेऊया.

ही योजना नेमकी काय आहे?

केंद्र सरकारची ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजना २०१५-१६ पासून सुरू आहे. उद्देश साधा आहे: कमी पाण्यात पीक निघावं. पाटाने पाणी सोडलं की बरंचसं पाणी जमिनीत खोल मुरतं, नाहीतर वाफ होऊन जातं. ठिबकमध्ये पाणी थेट मुळाशी पडतं, आणि संच नीट चालवला तर त्यातलं साधारण ९० टक्के पाणी पिकाच्या कामी येतं. म्हणून सरकार ठिबक आणि तुषार संचांना पैसे देतं.

केंद्राच्या नियमानुसार अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना, ५५ टक्के अनुदान मिळतं आणि बाकीच्यांना ४५ टक्के. त्यावर महाराष्ट्र सरकार ‘मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजने’तून भर घालतं. दोन्ही मिळून लहान शेतकऱ्याला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त ५ हेक्टरपर्यंत लाभ घेता येतो.

८० टक्के म्हणजे बिलाच्या ८० टक्के नव्हे

इथे बहुतेक जण फसतात. अनुदान दुकानदाराच्या बिलावर मोजत नाहीत. सरकारने पिकातलं अंतर आणि क्षेत्र यांवरून संचाचा खर्च ठरवून दिलेला असतो, त्याला मापदंड म्हणतात. अनुदान त्या मापदंडावर मिळतं.

समजण्यासाठी एक उदाहरण घ्या. तुमच्या क्षेत्राचा मापदंड १ लाख रुपये आहे आणि बिल झालं १ लाख ३० हजार. अनुदान येईल ८० हजार. खिशातून जातील ५० हजार. ‘फक्त २० टक्के भरायचे आहेत’ असं वडिलांना सांगितलं असेल, तर पुढचे ३० हजार कुठून आणायचे हा प्रश्न ऐनवेळी उभा राहतो. म्हणून कोटेशन हातात आलं की आधी मापदंडाशी ताडून बघा.

अर्जाचा प्रवास

१. शेतकरी ओळख क्रमांक: एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी हा अनिवार्य आहे. ॲग्रीस्टॅकमध्ये नोंदणी केली की ११ अंकी क्रमांक मिळतो. तो आधार आणि सातबाराशी जोडलेला असतो.

२. महाडीबीटीवर अर्ज: पत्ता महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. लॉगिन करून सिंचन साधनांच्या विभागात पीक, क्षेत्र आणि दोन ओळींतलं अंतर भरायचं. शुल्क २३ रुपये ६० पैसे.

३. निवड: पूर्वी लॉटरी निघायची. २०२५-२६ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ ही पद्धत आली. निवड झाली की एसएमएस येतो.

४. कागदपत्रं: सातबारा, ८-अ, कोटेशन वगैरे अपलोड करायचं. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं.

५. पूर्वसंमती: कृषी विभाग कागद तपासून ऑनलाइन पूर्वसंमती पत्र देतो. खरेदी यानंतरच करायची.

६. खरेदी आणि बिल: नोंदणीकृत कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून आयएसआय मार्कचा संच घ्यायचा, बसवायचा आणि जीएसटीचं बिल मुदतीत अपलोड करायचं.

७. मोका तपासणी: सहायक कृषी अधिकारी (गावात आपण अजून ‘कृषी सहायक’च म्हणतो) शेतावर येऊन संच बघतात, जिओ-टॅग फोटो काढतात.

८. पैसे: आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा.

आमचं काय चुकलं?

आम्हाला लॉटरीत निवड झाल्याचा एसएमएस आला. मी तो अण्णांना वाचून दाखवला आणि म्हणालो, “मंजूर झालं.” मंजूर झालं नव्हतं, फक्त निवड झाली होती. रोपं नर्सरीत तयार होती, थांबायला वेळ नव्हता. विक्रेता म्हणाला, “संच घेऊन जावा, कागदाचं मी बघतो.” आम्ही घेतला, ८६ हजारांचा. बिल त्याच दिवशी फाडलं.

पूर्वसंमती पत्र त्यानंतर ११ दिवसांनी आलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेतातला संच बघितला, नळ्या मोजल्या, सगळं बरोबर होतं. मग बिलाची तारीख बघितली आणि पूर्वसंमतीची तारीख बघितली. अर्ज रद्द झाला.

मी विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, “तारीख बदलून दुसरं बिल देतो की.” अण्णांनी नाही म्हटलं. ते माझ्यावर ओरडलेही नाहीत. सोसायटीच्या कर्जात तेवढी भर पडली आणि पुढची दोन वर्षं ते फेडण्यात गेली. अट अर्जात स्पष्ट लिहिलेली होती. ती वाचायचं काम माझं होतं, कारण फोन माझ्या हातात होता.

दुसऱ्या बिलाबद्दलही सांगून ठेवतो. खोटी तारीख टाकलेलं बिल अपलोड करणं ही सरकारची फसवणूक आहे, आणि त्या अर्जावर नाव तुमच्या वडिलांचं असतं, विक्रेत्याचं नाही.

पैसे मिळाल्यावर काय पाळावं लागतं?

खरी जबाबदारी इथून सुरू होते. अर्जासोबत शेतकरी हमीपत्र देतो. ते म्हणजे करारच. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

- संच त्याच शेतात वापरायचा. अर्जात जो गट नंबर दिला, तिथेच. भावाच्या किंवा मित्राच्या शेतात हलवायचा नाही.
- विकायचा नाही, कुणाच्या नावावर करायचा नाही. हंगाम संपला की नळ्या गुंडाळून घरी ठेवता येतात, पण पुन्हा कधीही तपासणी झाली तर संच दाखवता आला पाहिजे.
- त्याच क्षेत्रावर ७ वर्षं पुन्हा अनुदान नाही. संचाचं आयुष्य ७ वर्षं धरलेलं आहे. तिसऱ्या वर्षी उंदरांनी लॅटरल कुरतडल्या तर त्या खर्चाने बदलायच्या.
- माहिती खरी असली पाहिजे. पीक, पाण्याचा स्रोत, क्षेत्र. खोटं निघालं तर दिलेलं अनुदान परत वसूल होऊ शकतं आणि पुढच्या योजनांचा लाभ अडू शकतो.

हमीपत्राचा पूर्ण मजकूर अर्ज भरताना उघडा, पीडीएफ सेव्ह करा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतात. अण्णांना कुणीतरी हे वाचून दाखवलं असतं, तर संच पूर्वसंमतीच्या आधी घ्यायचा नाही हे त्यांनीच मला सांगितलं असतं. कागदाच्या बाबतीत ते माझ्यापेक्षा पक्के आहेत. फक्त स्क्रीन त्यांना वाचता येत नाही.

इतर योजनांत काय अटी असतात?

मागेल त्याला सौर कृषी पंप: सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, ५ एकरांपर्यंत ५ एचपी, त्यावर साडेसात एचपीचा पंप मिळतो. ५ वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. पंप विकता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही. पंपाला रिमोट मॉनिटरिंग यंत्रणा असते. पंप किती चालला, किती वीज तयार झाली, ही माहिती सिमकार्डवरून सर्व्हरला जाते. म्हणजे इथे तपासणीला माणूस यायचीही गरज नाही. पॅनेल चोरीला गेलं तर विम्यासाठी पोलिसांत तक्रार लगेच नोंदवा.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना: अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीचा हप्ता हवा असेल तर बागायती झाडं किमान ९० टक्के आणि कोरडवाहू झाडं किमान ८० टक्के जगलेली दिसली पाहिजेत. इथे खड्डे खणून भागत नाही, मे महिन्यात पाणी घालावं लागतं.

परंपरागत कृषी विकास योजना: सेंद्रिय शेतीसाठी गट करावा लागतो आणि तीन वर्षं रासायनिक खतं-औषधं बंद ठेवावी लागतात. पीजीएस-इंडिया पद्धतीत गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेताची पाहणी करतात. एकाने गुपचूप तणनाशक मारलं तर त्याचं प्रमाणपत्र तर जातंच, पण तपासणी करणाऱ्या शेजाऱ्यांची सहीही खोटी ठरते. गावात ही गोष्ट दंडापेक्षा महाग पडते.

मोबाईलवर अर्ज भरताना हे करा

१. मोबाईल नंबर घरातलाच द्या. सेवा केंद्रावाले कधी कधी स्वतःचा नंबर टाकतात. मग निवडीचा एसएमएस त्यांना जातो आणि मुदत संपल्यावर तुम्हाला कळतं.

२. आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा. एसएमएसवर विसंबू नका.

३. ‘निवड’ आणि ‘पूर्वसंमती’ हे दोन वेगळे टप्पे आहेत. कॅलेंडरमध्ये बिल अपलोडच्या शेवटच्या तारखेचा रिमाइंडर लावा.

४. ई-पीक पाहणी करा. सातबाऱ्यावर पीक एक आणि अर्जात दुसरं असेल तर तपासणीत अडकतं. विहीर किंवा बोअरची नोंदही बघून घ्या.

५. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे आधी बँकेत विचारा. पैसे मंजूर होऊनही इथे अडकतात.

६. ओटीपी कुणालाही देऊ नका. ‘अनुदान मंजूर, ही फाईल इन्स्टॉल करा’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला तर डिलीट करा. महाडीबीटी एपीके फाईल पाठवत नाही.

७. पूर्वसंमती पत्र, बिल, हमीपत्र आणि शेतातले फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. ७ वर्षांत फोन दोनदा तरी बदलेल, म्हणून ड्राइव्हवर एक प्रत असू द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पूर्वसंमतीला उशीर झाला आणि लागवड आली तर?
एकतर थांबा, नाहीतर अनुदान विसरून स्वतःच्या पैशाने घ्या. पण हा निर्णय घरच्यांनी हिशोब मांडून घ्यावा. ‘कागदाचं मी बघतो’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर घेऊ नका.

दुसऱ्या गटातल्या जमिनीसाठी पुन्हा अर्ज करता येतो का?
हो. आधी लाभ घेतलेलं क्षेत्र सोडून, एकूण ५ हेक्टरच्या मर्यादेत करता येतो.

अटी न पटल्यास?
अर्ज करू नका, किंवा पूर्वसंमतीआधी रद्द करा. योजना ऐच्छिक आहे.

शेवटी

गेल्या वर्षी दुसऱ्या गटातल्या एक एकरासाठी आम्ही पुन्हा अर्ज केला. या वेळी मी अटी वाचत होतो आणि अण्णा ऐकत होते. दोन ठिकाणी त्यांनी थांबवलं. “सामाईक म्हणजे तुझ्या काकाची सही लागंल, आधी त्याला विचारू,” म्हणाले. काकांना विचारायला चार दिवस गेले. मग खूण केली. पूर्वसंमती आली, मग संच आला आणि तपासणीनंतर अनुदान जमा झालं.

तुमच्या घरात अर्ज तुम्ही भरत असाल तर ही माहिती जपून ठेवा आणि मित्रांनाही पाठवा. खूण करण्याआधी ज्यांच्या नावावर सातबारा आहे, त्यांना शेजारी बसवा.