मावशी म्हन

नोव्हेंबरात डार्विनमध्ये आभाळ रोज भरून येतं आणि पाऊस काही पडत नाही. या काहिलीच्या दिवसांना इथले लोक 'बिल्ड-अप' म्हणतात. अशाच एका रात्री पंखा डोक्यावर घेऊन मी 'ब्लॅक डिवाज' पाहत बसले होते. २०१८ चा हा माहितीपट एड्रियन रसेल विल्स यांचा. आदिवासी ड्रॅग कलाकारांची 'मिस फर्स्ट नेशन' ही स्पर्धा २०१७ मध्ये याच डार्विनमध्ये भरली, तिची ही गोष्ट. त्यातली क्रिस्टल लव्ह टिवी बेटांची. ती स्वतःला 'सिस्टरगर्ल' म्हणवते. पुरुषाचा देह घेऊन जन्मलेली, पण बायकांत बाई म्हणून वावरणारी.

आरशासमोर बसून रंग चढवणारी माणसं पडद्यावर दिसत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं मात्र गडहिंग्लजजवळच्या आमच्या घराचं परसदार उभं राहिलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं एक जोगत्या जोगवा मागायला यायचा. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात यल्लमाचे मोती, हातात परडी. आजी सुपातून जोंधळे आणायची. तो चौंडक्यावर दोन कडवी म्हणायचा आणि मग पायरीवर टेकून आजीशी बोलत बसायचा. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. तो दर वेळी तेच सांगायचा, "मामा न्हवं गं, मावशी म्हन." आम्ही खिदळत पळायचो.

आजी सांगायची, "बारा वर्सांचा हुता. केसात जट आली. आईबापानं डोंगराला सोडला त्येला." डोंगर म्हणजे सौंदत्तीचा, रेणुकेचा, म्हणजेच यल्लमाचा. आमच्याकडं नाव घेतलं नाही तरी डोंगर कुठला ते कळतं. जट म्हणजे देवीचं बोलावणं, असं लोक धरून चालत. पोर मुलगी असेल तर जोगतीण, मुलगा असेल तर जोगत्या. मुलाला लुगडं नेसवायचं की संपलं. लग्न नाही, शेताचा वाटा नाही. पाच दारं मागायची आणि माघी पुनवेला डोंगर गाठायचा.

या प्रथेविरुद्धची मोठी लढाईही आमच्याच भागात झाली. १९७५ साली गडहिंग्लजला देवीला सोडलेल्या देवदासींची परिषद भरली. डॉ. बाबा आढाव, प्रा. विठ्ठल बन्ने ही माणसं त्या चळवळीत होती. कर्नाटकात १९८२ साली बंदीचा कायदा झाला. पुढं राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' लिहिलं आणि आमच्या पायरीवर बसणारा माणूस मराठी कादंबरीत आला.

त्याच लेखनाच्या आधारानं २००९ साली राजीव पाटील यांचा 'जोगवा' आला. मी आजीला घेऊन कोल्हापुरात पाहिला. उपेंद्र लिमये यांचा तायप्पा धडधाकट गडी. आजारपणाला देवीचा कौल समजून त्याला लुगड्यात कोंडतात. मुक्ता बर्वे यांची सुली जटेपायी देवीला सोडलेली. दोघांचा जीव जडतो, आणि माणूस म्हणून जगायचं तर देवीच्या नावानं लादलेलं सगळं झुगारावं लागतं. थेटरात आजीनं पदर तोंडाला लावला होता. एसटीत बसल्यावर मात्र म्हणाली, "लई चांगला सिनेमा. पर आमच्या जोगत्याचं असं न्हवतं गं."

मग तिनं मला आजवर न सांगितलेलं सांगितलं. सुधारणेचं वारं आलं तेव्हा गावातल्या चार पोरांनी चांगल्या मनानं त्याची जट कापली, लुगडं सोडवलं, नवं धोतर दिलं. महिनाभर तो घराबाहेर पडला नाही. एका मंगळवारी पुन्हा परसदारी उभा, लुगड्यातच. म्हणाला, "आक्का, देवीनं सोडलं तरी मला ह्येच पायजे."

मला तेव्हा हे कोडं वाटलं होतं. लादलेलं लुगडं कुणाला हवंसं कसं वाटेल? उत्तराची वाट सापडली ती इथं. डार्विनच्या उत्तरेला ऐंशी किलोमीटरवर टिवी बेटांपैकी बाथर्स्ट बेट आहे. फेरीनं अडीच तास. १९११ मध्ये तिथं कॅथलिक मिशन आलं आणि बाई कुणी, पुरुष कुणी याचे नवे नियम घेऊन आलं. सिस्टरगर्ल सांगतात, आमची जागा त्याच्या आधीपासूनची आहे. २०१७ मध्ये त्यांच्यातल्या तीसेक जणी पैसे जमवून सिडनीच्या मार्डी ग्रा मिरवणुकीत नाचायला गेल्या. तायप्पाची सुटका लुगडं उतरवण्यात होती, यांची ते नेसण्यात. वस्त्र तेच. फरक एवढाच, की नेसायचं कुणी ठरवलं.

आणखी एक गोष्ट मला आपल्या मुलखापासून लांब आल्यावर ऐकू आली. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका "मी आलो, मी जातो" असंच बोलतात. आजीचा सगळा जन्म "मी भाकरी करतो" म्हणण्यात गेला, तिला कुणी हसलं नाही. पायरीवरचा जोगत्या "मी आली" म्हणाला की अख्खी गल्ली हसायची. व्याकरण मोडायची मुभाही जागा पक्की असलेल्यालाच. त्यानं आमच्याकडं जोंधळ्यांखेरीज मागितलं ते एक नातं, आणि तेवढंच आम्ही दिलं नाही. टिवी बायकांच्या तर नावातच बहीण आहे.

डार्विनचं घड्याळ गडहिंग्लजच्या चार तास पुढं. रात्रीचे दहा वाजले होते, तिकडं संध्याकाळचे सहा, दिवेलागणीची वेळ. मी फोन लावला. आजीला विचारलं, तू कधी त्याला मावशी म्हणालीस?

"म्हनत हुतो की," आजी म्हणाली. "परसदारी. कुनी नसताना."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, ती उठून गेली.

"म्होरच्या दारात एकदा तरी हाक मारायला पायजे हुती बघ," ती म्हणाली.